डागडुजी केलेले बेट

मॉरिशसच्या सहलीची पत्रके बहुतेक एकाच साच्यातून काढलेली असतात. एक दिवस उत्तरेचा, त्यात राजधानी पोर्ट लुई आणि खरेदी. एक दिवस दक्षिणेचा, त्यात ज्वालामुखीचे थंडावलेले मुख, गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती. एक दिवस इल ओ सेर्फ या बेटावर स्पीडबोट आणि पॅरासेलिंगचा. ज्यांना ‘वाइल्डलाइफ’ हवे असते त्यांच्यासाठी कासेला उद्यान, जिथे सिंह आणि झेब्रे पाहता येतात. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातला एकही प्राणी मॉरिशसचा नव्हे. माणूस येण्यापूर्वी या बेटावर वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. जे मॉरिशसचे होते ते बरेचसे संपले, आणि जे उरले ते पाहायला बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात जावे लागते, जिथे पॅकेजची बस सहसा वळत नाही. माएबूर या छोट्या बंदरगावाभोवती दहा-बारा किलोमीटरच्या टापूत डच उतरले तो किनारा आहे, डोडोची हाडे सापडली ती दलदल आहे, एका मोठ्या आरमारी लढाईचे वस्तुसंग्रहालय आहे आणि समोरच्या उथळ समुद्रात इल ओ एग्रेत नावाचे सव्वीस हेक्टरांचे चिमुकले बेट आहे. एका दिवसात हे सगळे आरामात होते. पत्रकात ‘इतिहास’ आणि ‘दुर्मीळ प्राणी’ अशी दोन वेगळी कलमे असतात. या टापूत मात्र ती वेगळी काढता येत नाहीत, आणि हा दिवस घालवण्याजोगा ठरतो तो त्यामुळेच. इथला प्रत्येक दुर्मीळ पक्षी हा इतिहासाचा कागद आहे. तो दुर्मीळ का झाला आणि तरीही जिवंत कसा राहिला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जहाजांत, मळ्यांत आणि माणसांच्या निर्णयांत सापडतात.

सुरुवात फेर्नेच्या किनाऱ्यापासून करावी. सप्टेंबर 1598 मध्ये डच जहाजे याच उपसागरात शिरली आणि बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिट्सचे, नाव देऊन मोकळी झाली. अरब दर्यावर्दींना हे बेट आधीपासून ठाऊक होते, पोर्तुगीजही येऊन गेले होते, पण वस्ती कुणी केली नव्हती. डचांनी 1638 मध्ये केली, वीस वर्षांनी सोडली, पुन्हा 1664 मध्ये केली आणि 1710 मध्ये कायमची गुंडाळली. या सगळ्या काळात वसाहतीतली माणसे काही शेकड्यांच्या वर गेली नाहीत. व्यापाराच्या दृष्टीने प्रयोग फसलाच म्हणायचा. पण त्यांनी सोबत जे आणले ते फसले नाही. 1639 मध्ये जावाहून ऊस आला आणि जावाचीच हरणेही आली. डुकरे, शेळ्या, माकडे रानात सुटली. उंदीर कुणी मुद्दाम आणले नाहीत, ते जहाजांतून आपले आपण उतरले, कदाचित डचांच्याही आधी. काळ्या गाभ्याच्या एबनीसाठी किनाऱ्यालगतचे जंगल कापले जाऊ लागले. आपल्याकडे विडीसाठी ज्याची पाने वळतात त्या तेंदूच्याच कुळातले हे झाड. युरोपात या लाकडाला सोन्याचा भाव होता.

डोडो गेला तो याच काळात. उडता न येणारा, सुमारे मीटरभर उंचीचा, कबुतरांच्या कुळातला हा पक्षी. त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातलग अंदमान-निकोबारकडे आढळणारे निकोबारी कबूतर आहे. डोडोची शेवटची विश्वासार्ह नोंद 1662 ची मानली जाते, म्हणजे डच उतरल्यापासून पुरी सत्तर वर्षेही झाली नव्हती. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट अशी की भुकेल्या खलाशांनी तो खाऊन संपवला. ही गोष्ट सोपी आहे, म्हणून टिकली. तिच्यावर शंका घ्यायला जागा आहे. काही शेकडा माणसे, त्यातही किनाऱ्याला धरून राहणारी, दाट जंगलाने भरलेल्या अठराशे चौरस किलोमीटरच्या बेटावरचा एक पक्षी निव्वळ शिकारीने इतक्या लवकर संपवतील हे पटत नाही. ओल्ड ग्रँड पोर्टला फ्रेडरिक हेंड्रिक हा डच किल्ला होता. तिथल्या उत्खननात स्वयंपाकाचा उकिरडा मिळाला, पण त्यात डोडोची हाडे मिळाली नाहीत. मग संशय जातो तो उंदीर, डुकरे आणि माकडे यांच्यावर. जमिनीवर घरटे करणाऱ्या आणि शत्रू कधी न पाहिलेल्या पक्ष्याची अंडी त्यांना आयती मिळाली. खलाशाच्या काठीने एक पक्षी मरत होता, तर डुकराच्या मुस्कटाने पुढची पिढी. आरोपीच बदलला की धडाही बदलतो. शिकार थांबवता येते, पण एकदा जहाजातून उतरलेला उंदीर परत चढत नाही.

डोडो आपल्या ओळखीचा आहे तो बराचसा एका शाळामास्तरामुळे. माएबूरमध्ये शिकवणाऱ्या जॉर्ज क्लार्कने 1865 मध्ये मार ओ साँज या दलदलीत डोडोची हाडे शोधली. पद्धत अगदी साधी होती. मजुरांना कमरेइतक्या काळ्या पाण्यात उतरवायचे आणि तळाच्या चिखलात पायांनी चाचपायला लावायचे. जगभरच्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे उभे आहेत, त्यांतली पुष्कळ हाडे या दलदलीतली. पर्यटक ज्या विमानतळावर उतरतात त्याच्या शेजारीच ही जागा आहे, पण तिचे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येते. आणखी एक दुवा थेट हिंदुस्थानचा. सतराव्या शतकात पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे डोडोचे एक रंगीत चित्रही उपलब्ध आहे, आणि जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेल्या चित्रांत अभ्यासक त्याला मान देतात. म्हणजे डोडो संपण्याआधी त्याचा व्यापार सुरू झाला होता. तो हिंदी महासागराच्या मालवाहतुकीतला एक नग होता.

माएबूरच्या वस्तुसंग्रहालयात तासभर पुरतो. ही अठराव्या शतकातली फ्रेंच हवेली. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्या खाडीत इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली, इंग्रजांच्या चारही फ्रिगेट गेल्या, आणि दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी, विलोबी आणि द्युपेरे, याच घरात उपचारांसाठी ठेवले गेले. नेपोलियनच्या काळातला फ्रेंचांचा हा मोठा आरमारी विजय म्हणून पॅरिसच्या विजयकमानीवर या जागेचे नाव कोरलेले आहे. चार महिन्यांत इंग्रजांनी उत्तरेकडून उतरून सगळे बेट घेतले, त्यामुळे विजय कमानीपुरताच उरला. प्रश्न असा की एवढ्या लहान बेटासाठी दोन साम्राज्ये का भांडत होती? कारण हिंदुस्थानकडे जाणारी जहाजे या वाटेने जात. बेटाचे भूगोलातले स्थान त्याच्या मातीपेक्षा मोलाचे होते, आणि ते स्थान आजही बदललेले नाही. याचा प्रत्यय 2020 साली फार कटू रीतीने आला. त्याबद्दल पुढे.

पक्ष्यांच्या दृष्टीने 1810 पेक्षा 1825 हे साल मोठे. त्या वर्षी ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा जकात कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका खाली आणला आणि बेटावर उसाचा सुकाळ झाला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, आणि त्याच सुमारास मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर आणायला सुरुवात केली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास पाच लाख माणसे उतरली. घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. यात कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आलेले बहुसंख्य, पण मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही आली. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांच्याकडे झाकडी नाचली जाते, शाळांत मराठी हा विषय शिकता येतो, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. हे सगळे मराठी वाचकाला कौतुकाने सांगितले जाते, आणि सांगावेच. पण याच हिशेबाची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. उसाचे जे हिरवे समुद्र बसच्या खिडकीतून दिसतात ते जंगल कापून झालेले आहेत, आणि ते कापण्याचे, दगड वेचून मळ्यात रचण्याचे काम गुलामांच्या आणि मग या मजुरांच्या हातांनी झाले. निर्णय त्यांचा नव्हता, नफाही त्यांचा नव्हता. तरी त्यांचा घाम त्यात आहे. आज मॉरिशसवर चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. मॉरिशसचे गुलाबी कबूतर दुर्मीळ का झाले, याचे उत्तर पक्षिशास्त्राच्या पुस्तकाइतकेच त्या काळच्या साखरेच्या हिशेबवहीत आहे.

दुपारी पॉइंट जेरोमच्या धक्क्यावरून होडीने इल ओ एग्रेत गाठायचे. किनाऱ्यापासून अंतर जेमतेम आठ-नऊशे मीटर. मुख्य बेट ज्वालामुखीच्या खडकाचे आहे, तर हे प्रवाळाच्या चुनखडीचे. नांगर चालेल अशी माती इथे नाही, त्यामुळे ऊस लागला नाही, आणि किनाऱ्याच्या कोरड्या जंगलाचा एक शेवटचा तुकडा इथे तग धरून राहिला. तोही शाबूत नव्हता. सरपणासाठी एबनी तोडली गेली होती, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तोफांसाठी चौथरे आणि इमारती बांधल्या होत्या, उंदीर होते, मांजरे होती, परदेशी झुडपांनी जमीन व्यापली होती. 1965 मध्ये बेट राखीव झाले, आणि ऐंशीच्या दशकात मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने ते चालवायला घेतले. त्यानंतर जे झाले त्याला जंगल ‘राखणे’ म्हणणे चुकीचे ठरेल. उंदीर संपवले. परकी झुडपे हाताने उपटली. रोपवाटिकेत देशी रोपे वाढवून हजारोंनी लावली. 1994 मध्ये गुलाबी कबूतर आणून सोडले. पुढे मॉरिशस फोडी आली, म्हणजे आपल्या सुगरणीच्या कुळातला, नराचे डोके लाल असणारा छोटा पक्षी. मग ऑलिव्ह व्हाइट-आय हा दुसरा छोटा पक्षी आला. टेल्फेअरची सापसुरळी मात्र उत्तरेकडच्या राउंड आयलंड या बेटावरून उचलून आणली, कारण तिथे उंदीर कधी पोचले नाहीत म्हणून ती तिथेच तेवढी वाचली होती. आज बेटावर चालताना पायवाटेच्या कडेला ही जाड, तपकिरी सापसुरळी पानांतून सरसरत जाते, तेव्हा ती तिथे निसर्गतः आहे असे वाटते. तिला तिथे ठेवणाऱ्या माणसांना तिची पिढी न पिढी माहीत आहे.

कबुतराकडे जवळून पाहा. आकाराने आपल्या पारव्यापेक्षा थोराड, छाती आणि मान फिकट गुलाबी, पाठ तपकिरी, शेपटी विटकरी. आणि पायांत रंगीत कडी. कड्यांचे रंग आणि क्रम पाहून कार्यकर्ते तो पक्षी कोणता, कुणाचे पिल्लू, केव्हा उडाला, हे सांगतात. जंगलात खाण्याचे पिंजरे लावलेले असतात, कारण उरलेले जंगल वर्षभराचे अन्न देऊ शकत नाही. 1990 च्या सुमारास रानातली ही जात दहाच्या आसपास पक्ष्यांवर आली होती. आज रानात चारशेहून अधिक आहेत. त्यामागे सापळ्यांनी उंदीर-मुंगसे पकडणे, पिंजऱ्यात अंडी उबवणे, पिल्लांना कबुतरांतल्या घशाच्या रोगापासून जपणे अशी रोजची कामे आहेत. केस्ट्रल या लहान ससाण्याची गोष्ट याहून चित्तथरारक. मलेरियासाठी फवारलेले डीडीटी, तुटलेले जंगल आणि माकडे यांमुळे 1974 मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. 1979 मध्ये आलेल्या कार्ल जोन्स या वेल्सच्या तरुणाने एक जुनी युक्ती वापरली. मादीने घातलेली अंडी काढून घ्यायची म्हणजे ती पुन्हा घालते, आणि काढलेली कृत्रिम उबेवर वाढवायची. दशकभरात शेकडो केस्ट्रल झाले. फेर्नेच्या खोऱ्यामागच्या बांबू डोंगरांत आज जे दिसतात ते याच प्रयत्नातून सोडलेल्यांचे वंशज आहेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हे सगळे खोटे आहे. पायांत कडी, पिंजऱ्यात दाणे, बाहेरून आणलेले प्राणी, म्हणजे हे जंगल नव्हे, झाडे लावलेले प्राणिसंग्रहालय. या आक्षेपाला सर्वांत मोठा आधार इथल्या कासवांचा. मॉरिशसवर महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. जहाजांवर ताजे मांस म्हणून त्या हजारोंनी नेल्या गेल्या आणि दोन्ही नष्ट झाल्या. इल ओ एग्रेतवर आज जी कासवे संथपणे वाट अडवतात ती शेशेल्समधल्या अल्दाब्राची, म्हणजे वेगळ्याच जातीची. 2000 साली ती मुद्दाम सोडली. पण का सोडली, ते पाहण्यासारखे आहे. बेटावरच्या एबनीची फळे झाडाखालीच पडून कुजत होती, रोपे उगवत होती ती आईच्या सावलीत, आणि तिथेच मरत होती, कारण मोठी फळे खाऊन बिया दूर नेणारे कोणी उरले नव्हते. अल्दाब्राची कासवे ती फळे खाऊ लागली. संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की कासवाच्या पोटातून गेलेले बी चांगले रुजते, आणि तोडलेल्या भागातही एबनीची नवी रोपे दिसू लागली आहेत. वाटेवर वाळलेल्या लेंडीत बोटभर उंचीचे दोन पानांचे रोप उभे असते. वाटाड्याने ते दाखवले नाही तर आवर्जून विचारावे. झाड मूळचे, कासव परके, रोप खरे. किल्ल्याचा ढासळलेला बुरूज नव्या दगडाने बांधून काढला म्हणून किल्ला खोटा होत नाही, तो बांधणाऱ्याला जुन्या दगडाचे काम कळले होते का, एवढेच पाहायचे असते. प्राणिसंग्रहालयाचा शब्द वापरायचाच तर तो कासेलाला लागू पडतो. तिथे सिंह काढून घेतला तर जमिनीचे काही बिघडणार नाही. इथून कासव काढले तर एबनीचे बिघडेल.

इथे एका सावधगिरीची गरज आहे, कारण अशा सुंदर कथा मोहात पाडतात. 1977 मध्ये स्टॅन्ले टेम्पल या अभ्यासकाने मांडले की तांबालाकोक या झाडाच्या बिया डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसत, आणि डोडोबरोबर ते झाडही मरणपंथाला लागले. कथा जगभर पसरली, आजही वाटाडे ती सांगतात. पुढच्या संशोधनात ती टिकली नाही. डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडे सापडली, बिया डोडोवाचूनही रुजतात असे दिसले, आणि संशयाची सुई पुन्हा माकडांकडे आणि परक्या झुडपांकडे वळली. एबनी-कासवाचा दावा मला याहून भक्कम वाटतो, कारण तो आज डोळ्यांसमोर मोजता येतो. मृत पक्ष्याच्या नावावर काहीही खपवता येते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, विशेषतः मराठी माणसाला. मॉरिशसच्या हॉटेलच्या बागेत आपल्या ओळखीची पाखरे दिसतात. साळुंकी 1762 मध्ये हिंदुस्थानातून आणली, लाल टोळांचा बंदोबस्त करायला. शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. मुंगूस 1900 च्या सुमारास आपल्याकडूनच नेले, प्लेगच्या काळात उंदीर मारतील म्हणून, आणि त्यांनी उंदरांबरोबर देशी पक्षीही मारले. आता कुणी म्हणेल, मुंगूस हिंदुस्थानातून आले म्हणून सापळ्यात पकडायचे, मग आप्रवासी घाटावर उतरलेल्यांचे काय? मॉरिशसवर तर मूळ रहिवासी असे कुणी नाहीच. गुलाम, मजूर, व्यापारी, मळेवाले, सगळेच कुठून ना कुठून आलेले. ‘देशी’ आणि ‘परके’ या भाषेला माणसांच्या राजकारणात काय वास येतो, हे आपल्याला सांगायला नको. पण पुरावा पाहिला तर संवर्धनाचा निकष जन्मस्थान हा नाहीच. अल्दाब्राचे कासव परके आहे आणि त्याला मान आहे. गुलाबी कबुतराने सर्वांत वाईट काळ काढला तो जपानी देवदारांच्या एका परक्या राईत, कारण उंदीर-माकडे तिथे कमी फिरकत. ती राई कुणी तोडली नाही. उलट चिनी पेरू हे फळझाड गोड फळ देत असूनही उपटले जाते, कारण त्याच्या दाटीत दुसरे काही उगवत नाही. पाहिले जाते ते काम, कूळ नव्हे. आणि काम हाच निकष असेल तर माणसांच्या बाबतीत तो सरळ दुसरीकडे बोट दाखवतो. रोपवाटिकेत माती भरणारे, होडी वल्हवणारे, वाटाडे म्हणून काम करणारे बहुतेक जण मजुरांचे आणि गुलामांचेच वंशज आहेत.

पक्ष्यांवर पैसा खर्च करायचा की माणसांवर, हा तिसरा आक्षेप. इल ओ एग्रेतपुरते उत्तर सोपे आहे, पर्यटकांचे तिकीट बेटाच्या कामाला लागते. पण सगळीकडे ते इतके सोपे नाही, आणि तसे भासवू नये. मॉरिशसचे फळे खाणारे वटवाघूळ याचे उदाहरण. ते देशी झाडांच्या बिया पसरवते, आणि लिचीच्या आणि आंब्याच्या बागाही खाते. बागायतदारांच्या तक्रारीवरून सरकारने 2015 पासून हजारो वटवाघळे मारली, आणि 2018 मध्ये ही जात धोक्यातल्या वर्गात वर सरकली. झाडांवर जाळ्या घालायला सरकारी मदत दिली जाते, पण परसात एकच लिचीचे झाड असलेल्या माणसाला हंगामात वटवाघूळ प्रिय वाटणार नाही. हा वाद मिटलेला नाही. दिवसाच्या सहलीत त्याचा मागमूस नसतो, हे तिचे खरे उणे आहे, दोन तासांत बेट संपते हे नव्हे.

बेट वाचले असे समजणाऱ्यांना 2020 ने भानावर आणले. 25 जुलैला वाकाशिओ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढले, आणि 6 ऑगस्टपासून त्याचे तेल गळू लागले. सुमारे हजार टन. काळा तवंग इल ओ एग्रेतच्या किनाऱ्याला लागला. रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपे, काही फोडी आणि व्हाइट-आय घाईने मुख्य बेटावर हलवले. काही सापसुरळ्या आणि पाली तर थेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. आणि माएबूरच्या लोकांनी कुणाच्या आदेशाची वाट न पाहता उसाचे पाचट कापडाच्या लांब नळ्यांत भरून त्यांचे तरंगते बांध समुद्रात सोडले. ज्या उसाने जंगल खाल्ले त्याच्याच पाचटाने बेटाला आडोसा दिला, यात इतिहासाचा काव्यमय न्याय वगैरे काही नाही, हाताशी होते ते वापरले. दोन साम्राज्यांनी ज्या वाटेसाठी तोफा डागल्या त्याच वाटेने वाकाशिओ ब्राझीलकडे चालले होते, एवढे मात्र खरे. भूगोलाने दिलेला धोका संपत नाही. रक्ताने दिलेलाही नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की गुलाबी कबुतरांची संख्या वाढली तरी त्यांच्यातली जनुकीय विविधता ओसरत चालली आहे, आणि परदेशी संग्रहालयांतल्या पक्ष्यांचे नवे रक्त मिसळले नाही तर पन्नास-शंभर वर्षांत जात पुन्हा बुडू शकते. म्हणजे दाणे, सापळे, कडी आणि हिशेब यांना सुट्टी नाही.

पर्यटकांच्या पायांनीच असे बेट तुडवले जाणार नाही का, ही शंका रास्त आहे. इथे मोकळे फिरता येत नाही, ठराविक वाटेवर वाटाड्याबरोबरच जावे लागते, आणि हा नियम कडक असावा. पण कुणालाच येऊ द्यायचे नाही हा उपाय मला पटत नाही. डोडो ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांनी त्याची हळहळ केली, ती तो संपल्यावर. उरलेले पक्षी जिवंत असताना लोकांनी पाहिलेले बरे.

तेव्हा मॉरिशसला जाणार असाल तर टूरवाल्याला सांगून पॅकेजमधला एक स्पीडबोटीचा दिवस बदलून घ्या आणि तो माएबूरला द्या. सकाळी फेर्ने आणि ओल्ड ग्रँड पोर्ट, मग वस्तुसंग्रहालय, दुपारी होडी. इल ओ एग्रेतचे आरक्षण आधी करावे लागते. पायांत चपला नकोत, बंद बूट घाला, कारण प्रवाळाचा खडक धारदार आहे. आणि वाटाड्याला पक्ष्यांची नावे विचारण्याआधी हे विचारा, की यांतले इथे कोण, कधी आणि कुणी आणले.